तुळशीराम हवालदारांची दुर्बीण

तुळशीराम हवालदार दुर्बीण निवडायचे ती बडवून. शेजारचं संस्थान विलीन झालं आणि तिथल्या शिकारखान्यातल्या, बंदुकीवर बसवायच्या चार दुर्बिणी आमच्या बऱ्हाणपूरच्या पोलीस लाइनीत आल्या. नेमबाजांसाठी त्यांतली भरवशाची एक हवी होती. हवालदार आधी निशाण्यावर गोळी झाडत, मग धुण्याच्या मोगरीने दुर्बिणीला दणके देत आणि पुन्हा झाडत. दुसरं भोक पहिल्यापासून सरकलं की दुर्बीण बाद. अशा तीन बाद झाल्या, चौथी टिकली. मी तिथला कारकून. कानांत बोटं घालून बघत बसायचो.

"मार खाऊन जे बदलत नाही ते खरं, बाबूजी," ते मला सांगत. "बाकी सब दिखावा."

माणूस मोठा दिलदार. राजपुऱ्यातून येताना लाइनीतल्या पोरांसाठी गरम मावा जिलेबी आणायचे. पण संशयित समोर आला, की त्याच हातांची मला भीती वाटायची.

निंबोल्याच्या एका केळीवाल्याला दरोडेखोरांनी उचललं. जैनाबादचा एक नावाडी त्यांना नदीपार करतो, असा वहीम होता. हवालदारांनी त्याला पट्ट्याने सोलून काढलं. तो आपला "नाही मालूम, मालक" एवढंच म्हणत राहिला. दात पडले तेव्हा म्हणाला, "निंबोल्याच्या बागेत, झोपडीत हायेत." हवालदार खूश! दुर्बिणीचा नियम त्यांनी माणसाला कधी लावला नाही, याचा मला आजही राग येतो. एरवी इतका हुशार माणूस!

पंचनामा लिहायला मीही बरोबर गेलो. भर दुपारी झोपडीतून एक माणूस बाहेर आला, केळीपाशी थांबला आणि हवालदारांनी त्या चौथ्या दुर्बिणीतून नेम धरून एकच गोळी झाडली. त्याचं कपाळ फुटलं, केळीची पानं रक्ताने माखली. तो बागेचा राखणदार निघाला. दरोडेखोर तिथे कधी आलेच नव्हते. पळवलेला केळीवाला पुढे तापीत सापडला, गळा चिरलेला.

चौकशीच्या दिवशी साहेबांनी हवालदारांना बाजूला घेतलं. "गोळी नुसती धाक दाखवायला झाडली होती, दुर्बीण खराब म्हणून नेम चुकला, असं लिहून द्या. नोकरी वाचेल, तुरुंगही टळेल." मी टाक दौतीत बुडवून बसलो होतो. त्यांनी हो म्हणावं म्हणून माझा जीव तुटत होता.

"दुर्बिणीवर आळ घेऊ नका, साहेब," हवालदार म्हणाले. "ती एक नंबर आहे."

राखणदाराची बायको दाराशी बसली होती. ती उठून आत आली. "मंग माह्या धन्याच्या हातात काय दिसलं तुम्हाले? सांगा ना, काय दिसलं?"

हवालदारांनी तिच्याकडे बघितलं. मग मान खाली घातली.

"विळा दिसला, बाई. केळीचं पान कापू राहिला होता. साफ दिसलं. तरी चाप ओढला मी."