वड्यांवाचून अडलेला दाखला

आमच्याच गावात दिलेल्या माझ्या पुतणीचा नवरा मालवाहू जहाजावर खलाशी होता. चिखलीच्या या बाजूला खारं पाणी कुणी पाहिलं असेल तर ते लोणारचं; तरी हा मुंबईला कोर्स करून समुद्रावर गेला. गहू घेऊन जाताना दुसऱ्याच कुणाच्या लढाईत त्याच्या जहाजावर क्षेपणास्त्र पडलं. तिघे सापडलेच नाहीत. त्यातला एक आमचा.

जहाजावर झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशात, विमा तिसऱ्या, आणि लढणारे आणखी वेगळेच. सगळ्यांच्या वतीनं दुःख व्यक्त करणारं एकच पत्र आलं. भरपाई डॉलरमध्ये लिहिली होती. मी कापसाच्या जिनिंगवर हिशोब लिहितो, म्हणून तिचे रुपये करून दाखवायचं काम माझ्याकडे. खाली अट होती: मृतदेह नाही, तेव्हा तुमच्या गावाकडून मृत्यूचा दाखला आणा. पगार मात्र त्यांनी जहाज बुडालं त्या दिवसापासूनच बंद केला होता. म्हणजे पगारापुरता जावई मेलेला आणि भरपाईपुरता जिवंत. मी इतकी वर्षं जमाखर्च लिहितो, पण एकच माणूस दोन्ही बाजूंना मांडलेला पाहिला नव्हता.

घर त्याच्या पगारावर चालायचं, आणि पुतणीच्या पदरात लहान मुलगी. तहसीलवाले म्हणाले, मरण आमच्या हद्दीत झालेलं नाही. बऱ्याच चकरांनंतर ठरलं की तलाठी गावात येऊन शेजाऱ्यांचे जबाब घेईल, मग पुढचं पाहू.

तलाठी आला, पंच म्हणून आम्ही पुतणीच्या घरच्या ओट्यावर बसलो. शेजारच्या म्हाताऱ्याला त्यानं विचारलं, "आजोबा, पोरगा वारला हे खरं ना?"

"मी कसा सांगू? तेरवीचं जेवण तर कोणी दिलं नाही मले."

ते खरंच होतं. प्रेत मिळालं नाही तर आमच्याकडे कणकेचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि मग तेरवी, म्हणजे तेराव्याचं जेवण, घालतात. पण मुलाच्या आईनं पुतळा करू दिला नव्हता. "पिठाले पोरगा म्हणू काय मी?" एवढंच ती म्हणाली होती. सुनेचं कुंकूही तिनं पुसू दिलं नाही. तलाठ्यानं चष्म्यावरून पुतणीच्या कपाळाकडे पाहिलं आणि लिहिलं: पत्नी कुंकू लावते.

मी म्हणालो, "साहेब, कुंकवानं जहाज वर येत नाही."

"मले पटते काका. वरच्या साहेबाले कोण पटवीन?"

मग मी विहीणबाईंना समजवायला गेलो. त्या म्हणाल्या, "लोकायले जेवूच घालायचं ना भाऊ? घालू. पण त्याच्या वाढदिवसाले घालू." वाढदिवस जवळच होता. पुरणपोळीची पंगत झाली. गावानं तूप मागून मागून घेतलं. मला वाटलं, मिटलं.

तलाठी पुन्हा आला. "जेवले ना आजोबा?"

"जेवलो. फस्कलास."

"मग लिहू, तेरवी झाली?"

म्हातारा विचारात पडला. "पण वडे नव्हते बाप्पा. उडदाचे वडे नाही, कढी नाही, त्याले तेरवी कशी म्हणू? वर जाऊन मले जबाब देणं हाय."

"पोळ्या हाणल्या तवा नाही आठवलं वरचं?" त्याची बायको शेजारच्या दारातून म्हणाली.

क्षेपणास्त्र पडलं, जहाज बुडालं, हे सगळ्या देशांना मान्य होतं. फाइल अडली ती वड्यांवर. मीही पंच होतो, आणि 'तेरवी झाली' या ओळीखाली सही माझ्याही हातून होईना. वडे नव्हतेच. मी पेनाला टोपण लावलं. पुतणी माझ्याकडे पाहत होती.

विहीणबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "भाऊ," त्यांनी विचारलं, "वडे केले म्हणजे पोरीले पैसे भेटतीन?"

"भेटतील. उशिरा, पण भेटतील."

त्या तलाठ्याला म्हणाल्या, "आज जा तुम्ही. तेरवीले या जेवाले." आत जाऊन त्यांनी डब्यातली उडदाची डाळ सुपात ओतली आणि निवडायला बसल्या. पुतणी मदतीला गेली तर तिच्याकडे सूप सरकवून म्हणाल्या, "वडे तू कर. कणीक मी मळीन."