अकरा सेंटिमीटर झुकलेली भिंत

मित्रांनो, इथे कुणी ड्राफ्ट्समन आहे का? मला आज एका जागी बसवत नाहीये.

इथे मस्कतमध्ये, रुवीतल्या आमच्या ऑफिसात सध्या इंग्लंडमधल्या एका उमरावाच्या पडक्या बंगल्याचं ड्रॉइंग चालू आहे. छप्पर गेलंय, मजले कोसळलेत. तिन्ही मजल्यांच्या फायरप्लेस मात्र भिंतीत एकावर एक अधांतरी राहिल्यात.

सकाळी मी ड्रॉइंग तिकडच्या साइटला पाठवलं. आमचे अर्बाब, म्हणजे मालक, तेही म्हणाले, एकदम साफ काम आहे.

दुपारी शेजारच्या टेबलावरचे सलीमभाई साइटचे फोटो बघत म्हणाले, "ही भिंत बाहेर झुकलीय रे. तू सरळ कशी काढलीस?"

सर्व्हेत अकरा सेंटिमीटरचा झुकाव लिहिलेला होता. मला वाटलं, मोजणाऱ्याची चूक असेल. बारा वर्षं नव्या व्हिलांच्या भिंती काढतोय, हात सरळच जातो.

"अरे, तुझं ड्रॉइंग बघून साइटवरची माणसं उद्या भिंतीला टेकू लावणार," सलीमभाई म्हणाले.

लगेच सुधारून पाठवलं. तिकडे फोनही केला, कुणी उचलला नाही. आता बौशरला घरी आलोय आणि दर मिनिटाला मेल उघडून बघतोय.

उद्या सकाळी त्या भिंतीखाली माणसं उभी राहतील. त्यांच्या हातात माझं कुठलं ड्रॉइंग असेल?