सात पिढ्यांचा कोंबडा

झरी गावात दोघांना खानदानाची पारख होती. बायनाबाईला कोंबड्यांच्या, आणि दिनकरराव पाटलांना माणसांच्या. बायनाबाई कोंबडं उचलायची, छाती चाचपायची, पायाची नळी दाबायची, डोळ्यात बघायची, मग बोलायची. पाटील बसल्या जागेवरून एकच विचारायचे, “हाड कसं हाय?” या चौकशीपायी त्यांच्या थोरल्या पोराची सोयरीक तीनदा मोडली होती. एका मुलीची पणजी पाटाची, म्हणजे दुसऱ्यांदा लग्न लावलेली निघाली. दुसरीच्या मामाचं आडनाव ऐकून पाटलांना ठसका लागला. तिसऱ्या घरानं तर उलट पाटलांचंच हाड विचारलं.

बायनाबाईचा नवरा भुजंग परभणीच्या एका जहागीरदाराच्या मुर्गखान्यात चाकरीला होता. तो तापानं गेला तेव्हा तिथल्या गफूर उस्तादानं असील जातीचा एक नर आणि दोन माद्या डालग्यात घालून तिच्या हवाली केल्या. लढाईचं कोंबडं ते; नबाबाच्या तोऱ्यात चालायचं. बायनाबाईनं त्यांच्यावरच पुढचे दिवस काढले.

पण सहा-सात वर्षं एकाच रक्तात जोडे लागले आणि जात थकली. अंडी गंदी निघू लागली. पिलं उंच व्हायची, देखणी व्हायची, पण छातीचं हाड वाकडं आणि काळीज चिमणीचं. बायनाबाईनं मग शेजारच्या धुरपदाबाईची तांबडी गावरान कोंबडी आणली. बुटकी, केरसुणीसारखी शेपटी, पण पिलांसाठी घारीच्या अंगावर जाणारी. तिच्यावर आपला असील नर सोडला. त्या पिलांतली रुंद छातीची तलंग, म्हणजे वयात येणारी कोंबडी, निवडून तिला पुन्हा असील नर दाखवला. तिच्या पोटी जो नर निघाला तो सोनेरी-तांबडा, आखूड पाठीचा, उखळासारखा घट्ट. जमिनीवर उभा राहिला की पुरल्यासारखा वाटायचा.

त्या साली शेजारच्या वाडीची पाटीलकी रिकामी झाली. दिनकररावांना ती हवी होती आणि त्यांचा चुलतभाऊ सुग्रीव यालाही. निकाल जहागीरदाराच्या तोंडी होता, आणि जहागीरदाराला कोंबड्यांचा शौक. पाटील बायनाबाईच्या दारात येऊन उभे राहिले.

“बायने, नजराना द्यायचाय. असली खानदानी नर दाखव.”

तिनं तांबडा पुढं धरला. “ह्यो घ्या. हात लावून बघा, दगड हाय दगड.”

“हाड?”

“आजी गावरान हाय त्याची.”

पाटलांनी पुढं केलेला हात मागं घेऊन धोतराला पुसला. “मंग तो काळा कुनाचा?”

काळा शुद्ध होता. तलवारीसारखी मान, उंच पाय, पिसं तेल लावल्यासारखी. “दोन्हीकडनं असील हाय,” बायनाबाई म्हणाली, “पन छाती वाकडी हाय, पाटील. पावसात भिजलेल्या खाटंवानी. नुसतं दिसायला हाय ते.”

“दिसायलाच पायजे!” पाटील म्हणाले.

बायनाबाईनं काळा डालग्यात घातला. तिची स्वतःची आजी पाटाची होती. त्यापायी सासूनं तिला वर्षभर चुलीला शिवू दिलं नव्हतं. पाणी भरायला आणि शेण उचलायला मात्र हाड आडवं आलं नव्हतं.

आता खानदान म्हटलं की कागद आला. उर्दू लिहिणारा राधाकिशन पटवारी बोलावला. बायनाबाईनं काळ्याच्या दोन पिढ्या सांगितल्या. त्यापुढचं तिला ठाऊक नव्हतं. पाटलांना सात हव्या होत्या. राधाकिशन अडला नाही. नसलेल्या शेताच्या चतुःसीमा लिहिण्याची त्याला सवय होती. त्यानं पाच पूर्वज बसल्या बैठकीला जन्माला घातले. सगळ्यात वरचा तर दिल्लीहून अंबारीत बसून दख्खनेत उतरला होता.

दसऱ्याच्या आधी पाटील परभणीला निघाले. काळा त्यांच्या हाती राहीना, म्हणून डालगं घेऊन बायनाबाईला जावं लागलं. दिवाणखान्यात ती दाराशी बसली. मुन्शीनं शजरा, म्हणजे तो वंशावळीचा कागद, वाचायला घेतला. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला जहागीरदार मान डोलावत होते. पाचवीला मान थांबली. सातवी संपली तेव्हा हुक्क्याची गुडगुडही बंद पडली होती.

“पाटील,” जहागीरदार हळू आवाजात म्हणाले, “हमारे खानदान का कागज चार पुश्त पे रुकता है. आपका मुर्गा तो हमसे ऊँचा निकला.”

पाटलांच्या कपाळावरचा घाम दाढीत उतरला. तेवढ्यात गफूर उस्ताद पुढं आला, त्यानं काळ्याला उचललं, छातीखाली बोटं फिरवली आणि खाली ठेवला. समोर मुर्गखान्यातला एक म्हातारा नर सोडला. काळ्यानं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि तो तडक पाटलांच्या धोतराच्या सोग्यात शिरला.

“हुजूर, सीना टेढा है,” उस्ताद म्हणाला. “खानदान बहोत, दम नै.”

जहागीरदार हसले, मग सगळा दिवाणखाना हसला, आणि पाटलांचा जीव वाचला. उस्तादाची नजर दाराकडं गेली. “भाबी, तुम? ये तुम्हारे घर का माल है?”

बायनाबाई उठली. एवढ्या माणसांत ती जन्मात बोलली नव्हती. पण तोंड उघडलं ते थांबेना. “हौ, हुजूर. ह्याच्यापेक्षा भारी घरी हाय. पन त्याची आजी गावरान हाय, म्हनून पाटलाला चालला न्हाई. मीच मिसळलंय रक्त, आन् लपवनार न्हाई.”

उस्ताद मोठ्यानं हसला. “हुजूर, चार पुश्त में एक बार गाँव का खून लगताच है. मेरे उस्ताद भी यहीच करते थे. बोलते नै थे.”

“वो लाव,” जहागीरदार म्हणाले.

चार दिवसांनी दिवाणखान्यातली बातमी ऐकून सुग्रीव आला, तांबडा काखेत मारून परभणीला घेऊन गेला, कागदाचा कपटाही नेला नाही. तांबड्यानं जहागीरदाराचे तीन नर एकामागं एक पळवले. वाडीची पाटीलकी सुग्रीवला मिळाली. उस्तादानं बदल्यात बायनाबाईला दुसऱ्या रक्ताचा एक कोवळा नर पाठवला. तांबड्याच्या जिंकण्यापेक्षा तिला त्याचंच अप्रूप वाटलं. दोन दिवस ती त्याच्या नळ्या दाबून बघत होती.

मग पंचक्रोशीत नवीच टूम निघाली. जो तो आपल्या कोंबड्याची आजी गावरान असल्याचं छातीठोक सांगू लागला. ज्यांच्या कोंबड्यांच्या सात पिढ्या उकिरड्यावर गेल्या होत्या, तेही तेच सांगायला लागले. निदान ते खरं बोलत होते.

एके दिवशी दिनकरराव पाटील आले. काळा त्यांच्याच घरी परत आला होता. इकडं-तिकडं बघत ते म्हणाले, “बायने, राधाकिशनला सांगून कागद दुरुस्त करायलोय. आमच्या काळ्याला एखादी गावरान आजी लावून दे की.”

“कागदावर आजी लावून छाती सरळ व्हत न्हाई, पाटील,” ती म्हणाली. तिनं खुराड्यातून तांबड्या कोंबडीच्या वाणाची एक तलंग काढली आणि त्यांच्या हातात दिली. “ही न्या. काळ्यासंगं सोडा. नातवंडं बरी निघतील.”

पाटलांनी तलंग उपरण्याखाली घेतली आणि कुणी बघू नये म्हणून मागच्या बोळानं निघाले. तलंग गावरान होती. ती वाटभर ओरडत गेली.