तोफखान्याचा राजीनामा

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही अशांसही, गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, परभणीतल्या एका सरकारी कचेरीत, नव्वदीच्या सुरुवातीच्या एका उन्हाळ्यात, प्रस्तुत लेखकाने आपल्या तोफेचा लेखी राजीनामा दिला होता. कारण : तांत्रिक.

कचेरीचं नाव सांगत नाही. तिथं नुकताच कॉम्प्युटर आला होता, एवढं पुरे. त्याच्यासाठी एक खोली रंगवली, खिडक्या बंद केल्या, एसी बसवला आणि दारात पाटी लावली : चपला बाहेर काढाव्यात. खुद्द साहेब आपल्या दालनात पंख्याखाली घाम पुसत बसायचे आणि यंत्र मात्र गारव्यात. त्याच्याशेजारी एक पडदा आणि किबोर्ड होता, तिथं माझ्या सहकारी ताई बसायच्या. दुसरा पडदा बाहेरच्या हॉलमध्ये, माझ्यापुढं. मधे भिंतीच्या कडेनं खिळ्यांवर टांगलेली लांबलचक वायर.

हिवाळ्यात ताई आत स्वेटर घालून, कानाला स्कार्फ बांधून बसायच्या. मी बाहेर कोवळ्या उन्हात चहा पीत त्यांना विचारायचो, "काय ताई, काश्मीर कसं आहे?" त्या स्कार्फची गाठ आणखी आवळायच्या. पण एप्रिल लागला, हॉलमधला पंखा गरम वाफा खाली ढकलायला लागला, खुर्चीच्या हाताला हात लागला की चटका बसायला लागला. तेव्हा मला एकाएकी समानतेचं तत्त्व आठवलं. मी साहेबांकडे गेलो आणि म्हणालो, खुर्च्यांची अदलाबदल व्हायला हवी.

"तुमचं तुम्ही ठरवा," साहेब म्हणाले. "माझ्याकडे भांडण आणू नका."

ताईंनी शांतपणे ठरवलं. मशीन बसवणाऱ्या इंजिनिअरनं त्यात एक खेळ टाकून ठेवला होता. हिरव्या पडद्याच्या दोन टोकांना दोन तोफा. एक आतल्या किबोर्डवरून चालायची, एक बाहेरच्या. सगळ्यात खालची लांब पट्टी दाबली की गोळा सुटायचा. जेवणाच्या सुट्टीत रोज एक डाव, आठवडाभर. जो जास्त डाव जिंकेल तो पाऊस येईपर्यंत एसीत.

"मंजूर!" मी टेबलावर मूठ आपटली.

पहिल्या दिवशी हॉलमधले सगळे डबे घेऊन माझ्यामागं उभे राहिले. मी पट्टी दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. काही नाही. तेवढ्यात ताईंचा गोळा आला आणि माझी तोफ उडाली. तोफ उडाल्यावर माझे दोन्ही गोळे एकदम सुटले, आणि मेलेल्या सैन्यानं दिलेल्या सलामीसारखे आभाळात गेले.

आतून ताईंचा आवाज आला, "झालं का तुमचं?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी पट्टी दाबून अर्धा ग्लास पाणी प्यालो, तेव्हा कुठं गोळा निघाला. आमचे शिपाईमामा, पन्नाशीचे, ताडकळसकडचे, मागून म्हणाले, "सायेब, तुमचा गोळा यष्टीनं यायलाय का काय?"

मग मी विचार केला. यंत्रात दोष असणं शक्य नव्हतं, कारण दसऱ्याच्या आदल्या दिवशी कचेरीतली पूजा मीच केली होती, आणि कशी! ताई रजेवर होत्या. दसऱ्याला त्या दरवर्षी घरच्यांसोबत नागपूरला दीक्षाभूमीला जायच्या. आतल्या खोलीत उदबत्तीचा धूर चालणार नाही असा साहेबांचा हुकूम होता. त्यामुळे साऱ्या यंत्रजातीच्या वतीनं पूजा माझ्याच किबोर्डनं स्वीकारली. हळदकुंकू, झेंडू, ओंजळभर अक्षता, वर साखर-खोबऱ्याचा नैवेद्य. मी आरती इतक्या मोठ्यानं म्हटली की शेजारच्या कचेरीतले लोक प्रसादाला आले. असं तृप्त यंत्र मला दगा देईल? छे! दोष वायरीचा होता. ताईंची आज्ञा दोन पावलांवरून पोहोचत होती, माझी सगळा हॉल चालून जात होती. याद्या टाइप करतानाही माझ्या शब्दांमधे मोठमोठी भगदाडं पडायची, पण सरकारी यादीतली मोकळी जागा कुणाला खुपते?

"ताई, एक दिवस मला आत बसून खेळू द्या," मी दारात चपला काढून म्हणालो.

"आत बसायचं असेल तर आधी जिंका," ताई म्हणाल्या.

चौथा डाव हरल्यावर मी कागद घेतला. विषय : तोफेचा राजीनामा. "उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, वायरीच्या अतिलांबीमुळे गोळा विलंबाने सुटत असल्याने अर्जदार या खेळातून माघार घेत आहे. तरी झालेले डाव रद्द धरून एसीची समान वाटणी व्हावी, ही विनंती." खाली सही केली. सगळ्या हॉलनं वाचून मान डोलावली. मी तो अर्ज मामांच्या हाती आत पाठवला. ताईंनी त्यावर शेरा मारला : "तपासणीअंती निर्णय."

पुढच्या आठवड्यात औरंगाबादहून इंजिनिअर आला. त्यानं वायर तपासली. "वायर एकदम ठीक आहे," तो म्हणाला. मी छद्मी हसलो. मग त्यानं माझा किबोर्ड उचलला, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, किबोर्ड उलटा केला आणि मागून दोन चापट्या मारल्या.

आधी एक अक्षत पडली, लाल. मग पिवळ्या. मग सर आली. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, खोबऱ्याचा कीस, साखरेचा चिकट खडा, आणि त्याच्या मागोमाग मुंग्यांचं एक आख्खं कुटुंब, सामानसुमान घेऊन. लांब पट्टीच्या खाली तर तांदूळ असे दाटीवाटीनं बसले होते, जसे पंगतीला.

इंजिनिअरनं विचारलं, "यात स्वयंपाक कोण करतं?"

हॉल माझ्याकडे बघू लागला. मी छताकडे.

ताई आतून आल्या. त्यांच्या किबोर्डवर प्लास्टिकचं झाकण असायचं आणि रोज सकाळी एक कोरडा फडका फिरायचा, एवढीच त्याची सेवा. त्यांनी माझा अर्ज माझ्याच टेबलावर ठेवला, माझंच पेन उचललं आणि लिहिलं : "राजीनामा मंजूर. कारण अमान्य. वाटणीचा प्रश्न उद्भवत नाही." मग त्या दाराशी चपला काढून गारव्यात निघून गेल्या.

"पण यंत्र सुस्त झालं होतं, हे तरी खरं ना?" मी कुणाला तरी, कुणालाही, विचारलं.

मामा ते वर्तमानपत्र चारी कोपऱ्यांनी उचलत होते. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आता येवढं खाऊ घातल्यावर ते बी दुपारचं डुलक्या घेणारच की सायेब, तुमच्यावानी!"