काचेच्या हंडीतलं पेट्रोल

लग्न होऊन मी पालमहून जिंतूरला आले, तेव्हा सासरच्या दारात बैल नव्हते, लॉरी होती. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली, हिरवा रंग जागोजागी उडालेली. आमच्या ह्यांनी ती घेतली होती आणि हेच चालवायचे. हंगामात जिंतूरचा कापूस परभणीच्या जिनिंगला न्यायचा आणि एरवी मिळेल ते भाडं मारायचं, असा आमचा धंदा.

पेट्रोलचा पंप गावात एकच, परभणी रस्त्याला. आतासारखा आकडे फिरणारा नव्हता. लोखंडी खांबावर काचेची मोठी हंडी आणि तिच्यावर गॅलनच्या रेघा. नोकर दांडा मागंपुढं हापसायचा तसं पेट्रोल हंडीत चढायचं. रेघेला लागलं की नळीनं गाडीच्या टाकीत सोडायचं. सगळं डोळ्यांदेखत, पण पेट्रोल रेघेच्या थोडं खाली असतानाच दांडा थांबायचा आणि हंडी पुरती रिकामी व्हायच्या आत तोटी बंद व्हायची. शिवाय तेव्हा निजामाचा हाली रुपया आणि हिंदुस्थानचा कलदार, दोन्ही चालत. आमचं भाडं मिळायचं हालीत, पंपाचा भाव असायचा कलदारात, आणि हालीचे कलदार करताना बट्टा किती कापायचा ते मालकाच्या मनावर. पेट्रोल आधीच महाग, त्यात हे.

तरी कुणी तोंड उघडत नसे, कारण पंपाचा मालकच कापसाचा मोठा आडत्या होता. भाडं तोच द्यायचा. त्याच्याकडून कमवायचं आणि त्याच्याच हंडीत घालायचं. हे घरी जेवताना चिडायचे आणि सकाळी पुन्हा तिथंच जाऊन उभे राहायचे. गाडी हळू चालव, रिकामी परत आणू नको, घरच्या कामाला काढूच नको, असं जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवायचे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी ह्यांच्याबरोबर निघाले. परभणीला माल उतरवून पुढं मला बसनं पालमला, माहेरी लावून द्यायचं ठरलं होतं. मागं कापसाची बोरी भरलेली, माल मालकाचाच. पंपावर गाडी लावली. नोकरानं दोन हंड्या सोडल्या, आणि ह्यांनी सीटखालून वेळूची काठी काढून टाकीत घातली. तिच्यावर ह्यांनी घरीच गॅलनच्या खुणा करून ठेवल्या होत्या. मला त्याची काहीच कल्पना नव्हती.

"हे माप पुरं न्हाई," हे नोकराला म्हणाले.

मालक दुकानाच्या ओट्यावरून खाली आला. "गाडी वाकडी हुबी हाय तुझी."

"सरळ हाय मालक. तुमीच काठी घालून बघा."

"माझं माप पटना व्हय तुला? मग दुसरीकडं भर की."

"दुसरीकडं कुटं भरू?"

"ते मला काय इचारायलास?" तो नोकराकडं वळला. "दिलेलं काढून घे. आन् ह्याला सांग, पेट्रोल संपलंय."

नोकरानं रबरी नळी आणली, तोंडानं ओढली आणि आमच्या टाकीतलं पेट्रोल डब्यात काढून घेतलं. हे बाजूला उभे राहून बघत होते. मी पदर नाकाला लावला. वासापेक्षा माझं तोंड कुणाला दिसू नये म्हणून.

माल त्याचा, त्यामुळं उतरवता येईना आणि टाकून जाताही येईना. टाकी कोरडी, त्यामुळं गाडी हलेना. आमी दोघं केबिनमध्ये बसून राहिलो. आमच्या मागून गाड्या येत होत्या, पेट्रोल भरून निघून जात होत्या. संपलेलं पेट्रोल त्यांच्यापुरतं हंडीत चढत होतं. ओळखीचे ड्रायव्हर आमच्याकडं बघायचे नाहीत. दुपारी मी भाकरीचं फडकं सोडलं, पण ह्यांनी भाकरीला हात लावला नाही.

"माफी मागून टाका," मी म्हणाले.

"कशाची?" हे म्हणाले. मी फडकं पुन्हा बांधून ठेवलं.

उन्हं कलली तेव्हा एक म्हातारे ड्रायव्हर आले. सगळे त्यांना चाचा म्हणत. पेट्रोल भरून झाल्यावर चाक बघायच्या निमित्तानं ते माझ्या बाजूला वाकले. "बहू, उसको बोलना, नाले के पास ठैरता मैं," एवढंच हलक्या आवाजात म्हणाले आणि गेले. मी ह्यांना सांगितलं. हे रिकामा डबा घेऊन पायी गेले आणि भरलेला घेऊन आले. पंपासमोरच त्यांनी तो टाकीत ओतला. नोकर बघत होता, हे आमाला कळत होतं, पण दुसरा इलाज नव्हता. त्या संध्याकाळी माल परभणीला पोचला. मी पालमला गेलेच नाही. ह्यांना एकट्याला परत पाठवायला मन होईना.

दुसऱ्या दिवशी कळलं, चाचांनाही पेट्रोल बंद. त्यांच्या घरात खाणारी तोंडं आमच्यापेक्षा जास्त होती. हे दिवसभर अंगणात लॉरीभोवती फिरत राहिले. मग टोपी घातली आणि पंपाकडं निघाले. मी न विचारता मागून गेले.

"चूक माझी हाय. म्हाताऱ्याचा काय संबंध न्हाई," हे हात जोडून म्हणाले.

मालकानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ओट्यावर आणखी चार माणसं जमली, तेव्हा म्हणाला, "आता बोल, काय म्हणत हुतास?"

ह्यांनी तेच पुन्हा म्हटलं. चाचांना त्याच दिवशी पेट्रोल मिळालं, आमाला आठवड्यानं. हंडीतलं पेट्रोल पहिल्यासारखंच रेघेच्या खाली थांबत होतं.

आणखी दोन हंगाम आमी ते सोसलं. मग सरकारी बसवर ड्रायव्हरची जागा निघाली आणि ह्यांनी लॉरी विकायची ठरवली. गिऱ्हाईक बाहेरगावी पुष्कळ शोधलं. शेवटी घेतली ती पंपाच्या मालकानंच, त्याच्या भावात. ज्या माणसापासून सुटायचं होतं त्याच्याच हातात किल्ली देऊन आले हे.

बसला पेट्रोल डेपोतच मिळायचं, ह्यांना त्या मालकाकडं बघावंही लागत नसे. पुढं एकदा मी विचारलं, "लॉरीची आठवण येती का?"

"गाडीची येती," हे म्हणाले. मग म्हणाले, "तू माझ्याबरोबर नसतीस तर मी माफी मागितली नसती, असं मला वाटायचं. पण चाचांपायी मागितलीच असती."

चाचा तेव्हाही त्याच पंपावर भरत होते.