साडूंचा जानोसा

आजवर या भूतलावर जेवढी माणसं आंघोळ करून गेली, त्या सगळ्यांत कमी पाण्यात स्वच्छ होणारा माणूस म्हणजे माझे साडू, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. अडीच तांबे! पहिला डोक्यावर, दुसरा अंगावर, आणि उरलेला अर्धा 'कुठं राह्यलं असंल तर' म्हणून. तेही मोठ्या घमेल्यात उभं राहून, कारण घमेल्यात जमलेलं पाणी मागच्या अंगणातल्या केळीला जातं. ती केळ मी पाहिली आहे. आमच्या दोन्ही घराण्यांत मिळून इतकं धष्टपुष्ट कुणी नाही.

बुलढाण्याला बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर त्यांचा बारा खोल्यांचा लॉज आहे, खाली खानावळ. उतरणारे बहुतेक कोर्टाच्या तारखेला आलेले, कचेरीत कागद अडकलेले, नाहीतर लोणारचं सरोवर बघायला निघालेले. पर्यावरण हा शब्द मी साडूंच्या तोंडून कधी ऐकला नाही. पण तिथे एअर कंडिशनर नाही. गच्चीवर चुन्याचे दोन हात आणि खिडक्यांना वाळ्याचे पडदे आहेत, आणि मे महिन्यात भर दुपारी त्या खोल्यांत माणूस पांघरूण शोधतो. भांडी राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं घासली जातात, चादरी रिठ्याच्या पाण्यात निघतात. चादर फाटली की तिचे उशीचे अभ्रे होतात, अभ्रा विरला की हातपुसणं, हातपुसण्याचा पोछा. पोछ्याचं पुढे काय होतं, हे विचारायची माझी आजवर हिंमत झालेली नाही. जेवायला बसलं की पाणी अर्धा ग्लास मिळतं, तशी भिंतीवर पाटीच आहे. हवं तर दहा वेळा मागा, वाढणारा दहा वेळा वाढेल, पण ग्लासात टाकून उठलात तर साडू स्वतः येऊन समोर बसतात आणि तुम्ही ते पिईपर्यंत अत्यंत प्रेमानं तुमच्या घरच्यांची चौकशी करत राहतात.

गच्चीवर त्यांनी काळ्या पाइपाचं एक भलंमोठं वेटोळं अंथरलं आहे. उन्हानं त्यातलं पाणी तापतं, त्याला लाकूड लागत नाही की वीज. मात्र ते तापतं सकाळी दहाच्या पुढे. एकदा पुण्याहून आलेले एक साहेब सहालाच गरम पाण्यासाठी ओरडायला लागले. साडू शांतपणे म्हणाले, "साहेब, सूर्य तापल्याबिगर पाणी कसं तापंल? तुम्ही त्याच्या आधी काऊन उठता?" साहेब टॉवेल गुंडाळून पुन्हा झोपायला गेले.

पण या सगळ्याहून मला धाक वाटतो तो त्यांच्या कानांचा. ऐन गप्पांत त्यांचं बोट वर जातं, मान तिरकी होते आणि ते म्हणतात, "सात नंबर." म्हणजे सात नंबरच्या खोलीतला नळ ठिबकतो आहे. मधे दोन भिंती, एक जिना आणि खानावळीचा सगळा गलका! एकदा ते आमच्या अमडापूरच्या घरी जेवायला आले होते. पहिला घास तोंडात घालण्याआधीच म्हणाले, "भाऊ, तुमच्या मोरीतला नळ गळून राह्यला." मी जाऊन पाहिलं तर नळ ठणठणीत कोरडा. मी विजयी मुद्रेनं परत आलो. ते म्हणाले, "मंग शेजाऱ्याचा असंल." शेजाऱ्याचाच होता. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी वाद घालणं सोडून दिलं.

सोडून दिलं, म्हणजे एक वेळ वगळता. ती वेळ माझ्या एकुलत्या एक मुलीच्या लग्नाची.

लग्न मे महिन्यात, बुलढाण्याच्या मंगल कार्यालयात. पाहुणे पुण्याचे, दोन बस भरून. आता आमच्या वऱ्हाडात वरपक्षाच्या उतरण्याच्या जागेला जानोसा म्हणतात, आणि मुलीच्या बापाची सगळी अब्रू त्या जानोशात असते. जेवणात मीठ कमी पडलं तर लोक विसरतात. जानोशात चहा गार मिळाला तर ते मुलीला तिच्या नातवंडांच्या बारशापर्यंत ऐकावं लागतं. माझ्या आईला असंच एका सतरंजीवरून जन्मभर ऐकावं लागलं होतं, म्हणून मी धसका घेतला होता. साडूंनी आपणहून अख्खा लॉज जानोशाला दिला. मी आभार मानले आणि लगेच हात जोडून विनवलं, "साडूभाऊ, दोन दिवस तेवढी अर्धा ग्लासची पाटी काढून ठेवा." त्यांनी पाटी काढली. इतक्या सहज ऐकतील असं मला वाटलं नव्हतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी वऱ्हाड उतरलं. व्याह्यांच्या थोरल्या भावांनी हात धुवायला नळ सोडला तर करंगळीएवढी धार. साडूंनी प्रत्येक बेसिनखालची तोटी पाव फेराच उघडी ठेवलेली असते. हात तेवढेच धुतले जातात, पाणी चौथाई लागतं. थोरले भाऊ म्हणाले, "इकडे पाण्याची टंचाई दिसते." एवढंच म्हणाले, पण माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. साडू तेव्हा कार्यालयात आचाऱ्याला भाजीची सालं वेगळी ठेवायला सांगायला गेले होते. मी पाना मिळवला आणि बाराही खोल्यांतल्या तोट्या पूर्ण मोकळ्या करून टाकल्या. धार अशी धो धो पडायला लागली की मला उगाच श्रीमंत झाल्यासारखं वाटलं.

सकाळी सात वाजता टाकीनं उचकी दिली. नवरदेव हळद लावून बसला होता, नखशिखांत पिवळा, आणि नळातून नुसती हवा येत होती. लग्नाचा मुहूर्त साडेअकराचा. शहराचा नळ आणखी पाच दिवसांनी येणार होता. टँकरवाल्यानं फोनवर सांगितलं, "सांजेले पाठवतो." बाल्कनीत सत्तर माणसं टॉवेल खांद्यावर घेऊन उभी होती आणि खाली मी. माझ्या डोळ्यांपुढे ती सतरंजी आली. आता माझ्या मुलीला कशाकशावरून ऐकावं लागेल, याची यादी मी मनात करायला लागलो.

साडू आले. त्यांनी एका बेसिनखाली हात घातला, तोटी चाचपली.

"पाना कोनं फिरवला?"

"मी," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. त्यांना अर्थात आला.

ते रागावले नाहीत. त्यांनी करदोड्याला बांधलेली किल्ली सोडवली आणि अंगणातल्या हौदाचं कुलूप काढलं. गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळून या हौदात साठतं, आणि त्याला उन्हाळ्यात त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नाही. माझी थोरली मेहुणी स्वयंपाकघराच्या दारातून धावत आली. "अहो, थे टेकडीवरच्या झाडाईचं पाणी हाय! अजून महिना काढाचा हाय त्याईले!"

"हाव, मालूम हाय," साडू म्हणाले. "आधी पोरीचं पाहू."

गावाबाहेरच्या उघड्या टेकडीवर त्यांनी चाळीस झाडं लावली होती, चिंच, कडुनिंब, बेहडा. दर मंगळवारी स्कूटरवरून कॅन नेऊन त्यांना पाणी घालत. हे मला माहीत होतं. मेहुणीचं बोलणंही मी नीट ऐकलं. आणि ऐकूनसुद्धा मी बादली पुढे केली. मुलीचा बाप त्या घटकेला फार स्वार्थी प्राणी असतो. सत्तरीला आलेल्या त्या माणसानं स्वतः पोहरा ओढून बादल्या भरल्या, काठोकाठ, आणि वरून ओघळणाऱ्या पाण्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. लग्न साडेअकराला लागलं.

टँकर संध्याकाळी आला खरा, पण परतणारं वऱ्हाड आणि खानावळ यांनाच तो पुरला. पुढच्या महिन्याभरात हवं तेव्हा टँकर मिळाला नाही. पाऊसही उशिरा आला. मी फोन करत असे, खुशाली विचारत असे, आणि टेकडीचा विषय मी काढत नसे, तेही काढत नसत.

दिवाळसणाला लेक-जावई आले. फराळाच्या वेळी जावई कौतुकानं म्हणाले, "आमची आई अजून सांगत असते, बुलढाण्याचं पाणी किती मऊ! म्हणते, त्या दिवशी केस धुतले तसे पुन्हा कधी धुतलेच गेले नाहीत." मुलगी हसली. सासरी तिचं बरं चाललंय हे त्या हसण्यातच कळलं. मी हातातला चकलीचा तुकडा परत ताटलीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी बस धरली आणि थेट टेकडीवर गेलो. साडू तिथेच होते. चाळीसांतली अकरा झाडं हिरवी होती. बाकीच्यांच्या वाळक्या काठ्या त्यांनी उपटून खालच्या वाफ्यात टमाट्यांना आधार म्हणून रोवल्या होत्या आणि मोकळ्या खड्ड्यांत नवी रोपं लावली होती, वीतभर उंचीची.

"पोरगी कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"सुखात आहे."

"मंग झालं."

मला माफी मागायची होती. वाटेत बसमध्ये मी वाक्यंसुद्धा जुळवली होती. पण त्या माणसापुढे मला इतकं लहान वाटलं की त्यातलं एकही धड आठवेना. ते वाकून एका रोपाची माती दाबत होते. म्हणाले, "तीन उन्हाळे काढले की झाड आपल्या पायावर उभं राह्यते, भाऊ. मले अजून तीन उन्हाळे भेटले पाह्यजे फक्त."

"तीन काय घेऊन बसलात, साडूभाऊ, तीस काढाल!" मी म्हणालो. आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. "तीस? एवढं पाणी कुठून आणू मी?"

आणि कुठल्या गच्चीवरून पावसाचं किती पाणी उतरेल या हिशेबानं ते खाली पसरलेल्या गावातली एकेक गच्ची निरखायला लागले. मी त्यांच्या हातातला कॅन घेतला आणि पुढच्या रोपाकडे गेलो.