टाय रॉडवरची पिवळी फुली

आधीच सांगून ठेवतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. सव्वीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढली. गाडीत आवाज आला की त्याला कारण असतं. बेअरिंग गेलेलं असतं, बुश फाटलेला असतो, नाही तर मालक सीटखाली पाण्याची बाटली विसरलेला असतो. गिऱ्हाइकं टायरखाली लिंबू ठेवतात, मी हो-हो म्हणतो आणि मनात म्हणतो, लेका, त्यापेक्षा ब्रेक ऑइल बदल! तुम्ही लोक इथं लिहिता ते भुतांचे अनुभव मी जेवताना वाचायचो आणि हसायचो. आता तुम्ही हसा माझ्यावर.

माझं गॅरेज नागपूरला, वाडीत, अमरावती रोडला लागून. आजूबाजूला ट्रान्सपोर्टची गोदामं, दिवसभर ट्रकांची रांग. पत्र्याचं शेड, पुढून एकच शटर, मागं सलग भिंत, आणि मधोमध पिट... म्हणजे गाडी वर उभी करून खाली उतरून काम करायचा खड्डा. मी फोर बाय फोर गाड्या तयार करतो. लोक जंगलात, नदीनाल्यांत, डोंगरात गाड्या घालायला जातात ना, त्या गाड्या निघायच्या आधी आठवडाभर माझ्याकडे असतात.

हे गॅरेज मी एकट्यानं उभं केलेलं नाही. विनूभाऊ आणि मी, दोघांनी. विनूभाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, डावखुरा, कमी बोलणारा. आमच्याकडे एक नियम होता, त्यानंच घातलेला. जो नट कसेल, त्यानं तो तपासायचा नाही. कसायचं मी, तपासायचं त्यानं. पान्यानं प्रत्येक नट हलवून बघायचा आणि ब्रशनं त्यावर पिवळ्या ऑइलपेंटची रेघ मारायची. नट सैल झाला की रेघ तुटते, लगेच कळतं. पास असेल तर एक रेघ. काम चुकलेलं असेल तर रेघेवर रेघ, म्हणजे फुली. फुली पडली की सगळं खोलून परत करायचं, वाद घालायचा नाही. मी चिडायचो. तो म्हणायचा, "आपलीच चूक आपल्याले दिसत नाही गा प्रकाश. डोळे असेच बनवले हायेत."

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. विनूभाऊच्या धाकट्या भावाच्या संत्र्याची गाडी कळमन्याला लागली होती, म्हणून तो सकाळीच मंडीत गेला. जाताना म्हणाला, "बारापर्यंत येतो. मी पाहिल्याशिवाय गाडी सोडू नको." दहालाच गिऱ्हाईक येऊन डोक्यावर बसलं. मित्र ताटकळले, उशीर झाला, तुम्ही काय करून राहिले... मी चाकं बसवली, ब्रश उचलला आणि विनूभाऊच्या रेघा स्वतःच ओढून दिल्या. विसाच्या वीस. काय होतंय, म्हटलं.

जे व्हायचं तेच झालं. घाटात पुढचं डावं चाक निघालं, गाडी कलंडली. माणूस वाचला, पण त्याच्या मांडीच्या हाडाचा चुरा झाला. तो आजही लंगडतो.

चौथ्या दिवशी त्याचा भाऊ आणि सात-आठ जण गॅरेजवर आले. मोडकी गाडी टो करून दारात आणून टाकली. "कोणी तपासली होती?" मी म्हणालो, "तपासायचं काम विनूभाऊंचं." बस, एवढंच वाक्य. खोटं होतं का? शब्दाशब्दाला खरं होतं. असली खरी वाक्यं बोलणाऱ्याच्या जिभेला कीड लागायला पाहिजे.

विनूभाऊ गाडीजवळ गेला, खाली बसला आणि उरलेल्या तीन चाकांवरच्या रेघा बघितल्या. डावखुऱ्याची रेघ एका बाजूला झुकते, उजव्या हाताच्या माणसाची दुसऱ्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चहावाल्याकडे पाहिलं.

तो काहीच बोलला नाही. "मी तर कळमन्याला होतो" एवढे चार शब्द बोलला असता तरी सुटला असता. त्याला शिव्या घातल्या, कोणी तरी कॉलर धरली, तरी नाही. ते लोक गेल्यावर मी काय केलं असेल? पाय धरले? छे! चोराच्या मनात चांदणं... उलट मीच त्याला ऐकवलं, "विनूभाऊ, तुमची नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही, थोडे दिवस घरी थांबा." त्यानं हात धुतले, शर्ट बदलला आणि निघून गेला, तो परत आला नाही. बोभाटा सगळ्या गॅरेजांत झालाच होता, त्याला कोणी उभं केलं नाही. शेवटी इथंच एका गोदामावर ट्रकांचे टायर बदलायला लागला. मी त्या रस्त्यानं जाणं सोडलं. आठ वर्षांनी, टायर बदलतानाच, हार्ट अटॅकनं गेला. मी घाटावर गेलो, मागं उभा राहिलो, कवटी फुटायच्या आत निघालो.

विनूभाऊनं गॅरेज सोडलं तेव्हापासून मी तपासणारा माणूस ठेवला नाही. मीच कसतो, मीच तपासतो. पिवळा रंग तर त्याच महिन्यात फेकून दिला होता. आता कंपनीचा पांढरा मार्कर पेन वापरतो.

आता मुख्य गोष्ट. मागच्या डिसेंबरात माझी मुलगी अशू, एकुलती एक, मिहानमध्ये एका आयटी कंपनीत आहे, दोन मैत्रिणींना घेऊन नऊ दिवसांच्या ट्रिपला निघाली. बस्तर, तिथून ओडिशाचे डोंगर, अर्ध्याहून जास्त रस्ता डांबराशिवाय. गाडी तिची स्वतःची, जुनी जीप. पोरीची गाडी म्हटल्यावर मी आठवडाभर दुसरं काम घेतलं नाही. ब्रेक, क्लच, पंखे, होजपाइप, एकूण एक गोष्ट बघितली. टाय रॉडचे एंड नवे टाकले. टाय रॉड म्हणजे स्टिअरिंगची ताकद चाकांपर्यंत नेणारा दांडा. तो सुटला की स्टिअरिंग फिरत राहतं आणि चाकं त्यांच्या मनानं जातात. त्याच्या टोकाला नट असतो, आणि नट फिरू नये म्हणून आरपार एक पिन घालून वाकवायची असते. बोटभर लांबीची पिन, पण सगळा खेळ तिच्यावर.

शनिवारी सकाळी निघायचं होतं. शुक्रवारी दुपारी एकच्या सुमारास माझं काम संपलं. दोन्ही कारागीर रजेवर होते, गॅरेजात मी एकटा. प्रत्येक नटावर पांढरी रेघ मारली, शटर ओढलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि जेवायला घरी गेलो. घर मागच्याच गल्लीत. जेवून पाऊण तासानं अशूला घेऊन परत आलो. तिच्या मोबाइलमध्ये चेकलिस्ट होती, तिला खालून फोटो काढायचे होते. कुलूप मीच उघडलं. ती टॉर्च घेऊन पिटमध्ये उतरली. मी वर टायरची हवा बघत होतो.

"बाबा... इथं फुली काहून मारली?"

"कुठं?"

"टाय रॉडवर. डाव्या बाजूनं. आणि रंग ओला हाये, माझ्या बोटाले लागला."

मी म्हणालो, ग्रीस असेल. ती म्हणाली, "ग्रीस पिवळं असते का?"

मी खाली उतरलो. माझ्या पांढऱ्या रेघेवर एक पिवळी रेघ ओढलेली होती. ब्रशनं, जाड, ओली, तिचा एक ओघळ नटावरून खाली येत होता. ऑइलपेंटचा वास पिटमध्ये भरला होता. आणि रेघ झुकलेली होती डावखुऱ्याच्या बाजूला. मी खड्ड्यात बसलो.

अशू म्हणाली, "ही तर विनूकाकाची फुली." लहानपणी ती शाळेतून आली की त्याच्याजवळ बसायची, त्यानंच तिला शिकवलं होतं, पास म्हणजे एक रेघ, नापास म्हणजे फुली. मी तिच्यावर ओरडलो, "काही तरी बडबडू नको! चल वर!" ती हलली नाही. टॉर्च नटावर धरून म्हणाली, "बाबा, यात पिन कुठं हाये?"

पिन नव्हती. भोक आरपार मोकळं दिसत होतं. माझा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. पिन तिथंच होती, नवी कोरी. पिन घालायच्या वेळी फोन वाजला होता, ती खिशात टाकून मी बोलायला वर गेलो, परत आलो आणि सरळ रेघ मारून पुढच्या नटाकडे वळलो. त्यानंतर दोनदा तपासलं होतं, बरं का! दोन्ही वेळा मला ती पिन नटात दिसली होती. शपथ घेऊन सांगतो, दिसली होती.

खडकाळ रस्त्यावर तो नट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरला असता. बस्तरच्या वाटेवरच्या केशकाल घाटात, नाही तर त्याच्या पुढं. गाडीत तीन पोरी.

शटरसमोर माझा कॅमेरा आहे. रेकॉर्डिंग मी किती वेळा बघितलं ते विचारू नका. मी शटर ओढतो, कुलूप लावतो, जातो. मग एक कुत्रं येऊन बसतं. मग मी आणि अशू. मधे कोणी नाही. शेडला दुसरं दार नाही, खिडकी नाही. गॅरेजचा कोपरा न् कोपरा उपसला, पिवळ्या रंगाचा डबा सोडा, थेंबही सापडला नाही. कोणी खोडी केली म्हणावं, तर पिन माझ्या खिशात आहे हे मलाच माहीत नव्हतं.

पिन घातली, वाकवली. अशू पिटच्या कडेवर बसून बघत होती. मग तिनं विचारलं, "बाबा, विनूकाका असं कधी चुकत नव्हता. मग त्या वेळी चाक कसं निघालं?" आणि मला काय झालं कोण जाणे, अकरा वर्षं दाबून धरलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. तिथं, खड्ड्यात उभं राहून, वर बसलेल्या पोरीला सांगितलं.

शेवटी म्हणाली, "काकूले सांगितलं?"

"नाही."

"मी परत यायच्या आत सांगा. नाही तर मी सांगन." मग जीपमध्ये बसली. "आणि गाडी मी हिंगणा रोडले दुसऱ्या गॅरेजात दाखवून घेते." नागपुरात लोक माझ्याकडे गाड्या दाखवायला आणतात आणि माझी पोरगी मी तयार केलेली गाडी दुसऱ्याकडे घेऊन गेली. मी शटर वर केलं आणि बाजूला झालो.

पोरी सुखरूप गेल्या. मी रोज ठरवायचो आणि रोज उद्यावर टाकायचो. आठव्या दिवशी, उद्या अशू येणार म्हणून, गेलो. विनूभाऊची बायको गोदामांच्या मागं एका भाड्याच्या खोलीत राहते. दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मला बघून पदर सावरला, पण उठली नाही.

मी उभ्या-उभ्याच सांगून टाकलं. रेघा मीच मारल्या होत्या, वहिनी. विनूभाऊ त्या दिवशी तिथं नव्हता.

तिचा हात थांबला नाही. "मालूम हाये मले, भाऊजी. त्याच दिवशी घरी येऊन सांगतलं होतं त्याईनं."

"मग... मग तो बोलला काहून नाही?"

"मी किती भांडली त्याईच्याशी! म्हटलं, जा, सर्वायसमोर सांगा. तर म्हणे, प्रकाश स्वतः येऊन सांगन, मी कायले सांगू? त्याले थोडा टाइम लागन." तिनं शेंगांची साल बाजूला केली. "रविवारी तुमचं गॅरेज बंद असते ना. म्हणून रविवारी घर सोडत नव्हते ते. लग्नाले नाही, बाजाराले नाही. आठ वर्षं. प्रकाश आला आणि मी घरी नसलो त तो वापस जाईन, म्हणे."

मला रडूही आलं नाही. लाज इतकी होती की रडायचाही हक्क वाटेना. हात जोडले, माफ करा म्हणालो. ती म्हणाली, "मले काहून मागता माफी? ज्याले मागायची होती त्याले जाऊन तीन वर्षं झाली." चहाचं विचारलं नाही. आमच्या भागात दुश्मनालाही चहा विचारतात.

निघताना राहवलं नाही, म्हणून फुलीचं सांगितलं. बंद शटर, ओला रंग, खिशातली पिन, सगळं. वाटलं, हिला तरी बरं वाटेल, आणि खरं सांगायचं तर मलाही... की चला, विनूभाऊनं आपल्याला माफ केलं. ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघायला लागली.

"गाडी कोनाची होती?"

"अशूची."

"मंग बराबर हाये," ती म्हणाली. "तुमची असती त त्याईनं पाह्यली नसती."

शेंगांची परात उचलून ती आत गेली आणि दार लोटलं.

बंद शटरच्या आत तो रंग कुठून आला, कोणी लावला, हे मला आजही सांगता येत नाही. डोकं फोडून घेतलं तरी कारण सापडत नाही. वहिनी बोलली त्याबद्दल मात्र मला शंका नाही.